कंपवाताच्या इतिहासांत मनाचें स्थान

सन १८१७ मध्यें लंडन येथें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध झालें. पृष्ठें अवघीं ६६; ग्रंथकार शहराच्या कडेच्या वस्तींत वैद्यकी करणारा ६२ वर्षांचा गृहस्थ; आणि विषय, युरोपीय वैद्यकांत ज्याचें नीट स्वतंत्र वर्णन तोंवर कोणीं केलें नव्हतें असा एक रोग. जेम्स पार्किन्सनचा कंपयुक्त पक्षाघातावरील निबंध तो हाच. आपण ज्यास कंपवात म्हणतों त्या रोगास पुढें याच गृहस्थाचें नांव मिळालें, आणि आज तें जगभर रूढ आहे.

निबंधाच्या आरंभींच पार्किन्सननें रोगाची व्याख्या बांधली आहे. हात स्वस्थ असतांनाही कांपतो, स्नायूंचें बळ घटतें, शरीर पुढें वांकतें आणि चालणारा मनुष्य नकळत धांवूं लागतो, हें सांगून झाल्यावर इंद्रियें व बुद्धि मात्र शाबूत राहतात, असें तो शेवटीं नमूद करतो. या शेवटच्या वाक्यांशाचा पुढील इतिहास मोठा बोधप्रद आहे. तो खोटा नव्हता. परंतु लिहिणाराच्या मनांत होता त्याहून पुष्कळ अधिक अर्थ वाचणारांनीं त्यांतून काढला. रोग्याचें जगणें कशानें अधिक दुःसह होतें, कांपणाऱ्या हातानें कीं खचलेल्या मनानें, हा प्रश्न वैद्यकानें रीतसर हातीं घेईपर्यंत त्यामुळें सुमारें पावणेदोनशें वर्षें लोटलीं.

या प्रश्नाकडे आमचें लक्ष केवळ पुस्तकांमुळें गेलें नाहीं. आमचे चुलते, ज्यांस घरांत लहानथोर सारे अप्पा म्हणत, एका शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्त झाल्यावर दोनतीन वर्षांत त्यांचा उजवा हात कांपूं लागला. निदान वेळेवर झालें, औषधें सुरू झालीं, हात पुष्कळसा ताब्यांतही आला. परंतु अप्पांनीं हळूहळू सायंकाळचें फिरणें सोडलें, पंगतीस जाणें सोडलें, आणि ज्या देवळांत ते वर्षानुवर्षें कीर्तनास जात तेथें जाणेंही सोडलें. वाचनाचा त्यांस केवढा नाद! पण वर्तमानपत्राची घडीही ते मोडीनासे झाले. घरांतील मंडळी म्हणाली, अप्पांस आतां वैराग्य आलें. आम्हीही तसेंच म्हणालों, आणि तें म्हणतांना आम्हांस किंचित् अभिमानही वाटला. ही समजूत किती चुकीची होती तें पुढें येईलच. आधीं इतिहास पाहूं.

पार्किन्सनचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजीं लंडनच्या हॉक्स्टन भागांत झाला, आणि वडिलांचाच वैद्यकीचा धंदा त्यानें तेथें आयुष्यभर चालविला. माणूस मोठा बहुरंगी. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळीं 'ओल्ड ह्यूबर्ट' या टोपणनांवानें त्यानें राजकीय सुधारणेच्या बाजूनें पत्रकें लिहिलीं. राजास मारण्याच्या कटाचा आरोप ज्यांवर आला त्या सहकाऱ्यांच्या प्रकरणांत १७९४ सालीं प्रिव्ही कौन्सिलपुढें त्याची जबानीही झाली. पुढें राजकारणांतून अंग काढून तो जीवाश्मांकडे वळला. १८०४ ते १८११ या काळांत त्यानें त्या विषयावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि १८०७ मध्यें स्थापन झालेल्या लंडनच्या भूगर्भशास्त्रमंडळाच्या संस्थापकांत तो होता. दगडांत उमटलेल्या ठशावरून प्राणी ओळखण्याची ही संवय त्याच्या वैद्यकींतही दिसते. रोग्याच्या देहाचा ठसा त्यानें इतका अचूक टिपला कीं, आजचा वैद्य त्यांत फारशी दुरुस्ती करणार नाहीं.

पण हा ठसा कोणत्या सामग्रीवरून घेतला होता? निबंधांत रोगी अवघे सहा. त्यांतील दोघे रस्त्यांत सहज भेटलेले, एक तर नुसता दुरून पाहिलेला. दुरून पाहिलेल्या माणसाची चाल कळते, पाठीचा बांक कळतो; रात्रीं तीन वाजतां जागा होऊन तो काय विचार करतो हें कळत नाहीं. दुसरी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पार्किन्सन हॉक्स्टनमधील एका वेड्यांच्या खासगी इस्पितळाचा वैद्य होता, आणि अशा संस्थांच्या नियमनाविषयीं त्यानें १८११ मध्यें एक पत्रकही लिहिलें होतें. उन्माद म्हणजे काय हें त्यास रोजच्या परिचयाचें होतें. अशा मनुष्यानें बुद्धि शाबूत राहते असें लिहिलें, तेव्हां हे रोगी वेडे नव्हेत व त्यांस वेडे समजूं नये, एवढेंच त्यास अभिप्रेत असावें, असें आम्हांस वाटतें. या रोगानें ग्रासलेले लोक आपल्या दुखण्याकडे सुटकेची आशा नसलेलें संकट म्हणून पाहतात, या अर्थाचा उल्लेख त्याच निबंधांत आहे. म्हणजे रोग्याची निराशा त्यानें पाहिली होती. मात्र रोगाच्या लक्षणांत तिची गणना केली नाहीं.

निबंध निघाल्यानंतरच्या वीस वर्षांतच जर्मनींत एक रोगी, पार्किन्सनचें नांवही न ऐकतां, आपल्या देहाचें वर्णन पत्रांतून लिहीत होता. हा रोगी म्हणजे बर्लिन विद्यापीठाच्या स्थापनेशीं ज्याचें नांव निगडित आहे तो भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म फॉन हुंबोल्ट. आपल्याकडील वाचकांस तो अगदीं परका नाहीं. १८२५ व १८२६ सालीं बर्लिनच्या विद्वत्सभेपुढें त्यानें भगवद्गीतेवर व्याख्यानें दिलीं होतीं, आणि त्यांवर हेगेलनें सविस्तर परीक्षण लिहिलें होतें. गीतेच्या पहिल्या अध्यायास विषादयोग म्हणतात, आणि तेथें अर्जुनाच्या खिन्नतेबरोबरच त्याच्या अंगास सुटलेल्या कंपाचेंही वर्णन आहे. त्या ग्रंथाच्या या अभ्यासकास थोड्याच वर्षांत स्वतःच्या शरीरांत कंपाचा अनुभव यावा, हा योगायोग विलक्षण खरा.

१८२९ मध्यें हुंबोल्टची पत्नी वारली. त्यानंतर एका स्नेही स्त्रीस लिहिलेल्या पत्रांत हातांचा कंप, बारीक कामांत येणारा अवघडलेपणा, आणि ओळीच्या आरंभीं मोठें असलेलें अक्षर पुढें पुढें बारीक होत जाणें, या गोष्टी तो अत्यंत तटस्थपणें सांगतो. मात्र हा रोग आहे असें त्यास वाटत नव्हतें. पत्नीवियोगानें वार्धक्य लवकर आलें, एवढाच त्यानें अर्थ केला. जावा बेटांतील कवि भाषेवरील आपला महाग्रंथ तो १८३५ मध्यें मरेपर्यंत लिहीत राहिला. मरणोत्तर तो छापला गेला. हात गेला तरी जगण्याचा हेतु राहूं शकतो याचें हें उदाहरण आहे. पण त्याचबरोबर, शोकानें देह थकतो ही समजूत त्या काळीं किती सहज होती, हेंही त्यावरून दिसतें. लवकरच वैद्यांनींही तीच समजूत उचलून धरली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयांत शार्को या प्रसिद्ध वैद्यानें या रोगाचा नव्यानें अभ्यास केला. तेथें वृद्ध स्त्रियांची वस्ती हजारोंनीं मोजण्याइतकी होती, आणि एकाच रोग्यास वर्षानुवर्षें पाहण्याची सोय होती. कंप नसतांही हा रोग असूं शकतो, ताठरपणा व हालचालींतील मंदपणा हीं त्याचीं स्वतंत्र लक्षणें आहेत, आणि स्नायूंचें बळ पुष्कळ काळ टिकत असल्यामुळें यास पक्षाघात म्हणणेंच चुकीचें आहे, हें त्यानें दाखवून दिलें. 'पार्किन्सनचा रोग' हें नांव त्यानेंच रूढ केलें. ज्याचें नांव रोगास दिलें त्याचें एक विधान मात्र शार्कोनें मानलें नाहीं; पुढें पुढें रोग्याच्या मनावरही परिणाम होतो, असें त्याचें मत होतें. १८८२ मध्यें बेंजामिन बाल या फ्रेंच मनोवैद्यानें कंपवातांतील मनोविकारांवर स्वतंत्र लेख लिहिला.

याच काळांत शार्को व इंग्लंडांतील गॉवर्स यांनीं आणखी एक निरीक्षण नोंदविलें. पुष्कळ रोग्यांच्या पूर्ववृत्तांत एखादा मोठा धक्का, शोक, किंवा दीर्घकाळची चिंता आढळते. १८८६ ते १८८८ या वर्षांत प्रसिद्ध झालेल्या गॉवर्सच्या मज्जारोगांवरील ग्रंथांत या गोष्टीचा कारणांत समावेश आहे. निरीक्षण खरें, पण त्याचा अर्थ लावण्यांत घाई झाली. आधीं आलें तें कारण, मागून आलें तें कार्य, असें मानण्याचा मोह मोठमोठ्या पंडितांसही आवरत नाहीं. चिंता हीच रोगाची पहिली पायरी असूं शकेल, ही कल्पना त्या पिढीस सुचणें कठीण होतें; कारण मज्जातंतूंचा रोग हात कांपल्याशिवाय सुरू होतो, असें मानण्यास तेव्हां कांहीं आधार नव्हता.

विसाव्या शतकाच्या आरंभीं रोगाचें ठिकाण सांपडूं लागलें. १९१२ मध्यें फ्रीडरिख लेवीनें रोग्यांच्या मेंदूंतील कांहीं पेशींत विशिष्ट गोलक पाहिले; १९१९ मध्यें त्रेत्याकॉफनें पॅरिस येथील आपल्या प्रबंधांत दाखविलें कीं, मेंदूच्या खालच्या भागांत जो काळसर पट्टा असतो त्यांतील पेशी या रोगांत नष्ट होतात. यामुळें वैद्यांचें सारें लक्ष त्या काळसर पट्ट्यावर व हातापायांवर खिळलें. १९२२ मध्यें शिकागोच्या पॅट्रिक व लेवी (हे लेवी वेगळे) यांनीं १४६ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, व त्यांत सुमारें एक तृतीयांश रोगी खिन्न आढळल्याचें नमूद केलें. परंतु खिन्नतेची ही नोंद वृत्तांतांतच राहिली. असाध्य रोग झालेला मनुष्य खिन्न असावयाचाच, मग त्यांत आश्चर्य तें कसलें, अशी सर्वांची समजूत होती.

उलट बाजूस मनोविश्लेषणाचे अनुयायी होते. त्यांनीं रोग्याच्या स्वभावांतच रोगाचें मूळ शोधण्याचा प्रयत्न केला. अति कष्टाळू, अति नेमस्त, मनांतल्या मनांत कुढणारीं माणसेंच या रोगास बळी पडतात, अशा आशयाचें विवेचन १९४८ सालीं बूथ या लेखकानें केलें. अशा रीतीनें रोग्याच्या मनाची दुहेरी कुचंबणा झाली. एक पक्ष म्हणे, मनाचा येथें संबंध नाहीं. दुसरा पक्ष म्हणे, सारा दोष मनाचाच. मनाची ही अवस्था रोगाचाच एक भाग आहे, असें स्पष्टपणें म्हणणारा पक्ष अजून उभा राहावयाचा होता.

तो उभा राहण्यास जें साधन उपयोगी पडलें तें आपल्या देशांतलें होतें. सर्पगंधा ही वनस्पति आपल्या वैद्यांच्या परिचयाची. उन्मादावर व निद्रानाशावर तिचें मूळ देण्याचा प्रघात जुना. १९३१ मध्यें गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं तिचे गुण आधुनिक वैद्यकाच्या परिभाषेंत मांडले. १९४९ मध्यें मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहिला, आणि पाश्चात्त्य जगाचें लक्ष तिच्याकडे वेधलें. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांत तिच्यांतून रिसर्पीन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, व थोड्याच काळांत तें जगभर रक्तदाबावर व उन्मादावर दिलें जाऊं लागलें.

मग एक चमत्कारिक गोष्ट नजरेस आली. रिसर्पीन घेणाऱ्या कांहीं रोग्यांचे हात कांपूं लागले, चाल मंदावली, चेहरा निर्विकार झाला. जणूं त्यांस कंपवातच जडला. आणि कांहीं रोगी, ज्यांस पूर्वीं तसा त्रास नव्हता, ते गाढ विषण्णतेंत बुडाले. रिसर्पीनपासून विषण्णता खरोखरच येते कीं काय, व किती जणांस येते, याविषयीं पुढें पुष्कळ वाद झाला. परंतु तेव्हां संशोधकांस जी दिशा मिळाली ती मोलाची ठरली. एकाच औषधानें देहही जखडतो आणि मनही खचतें, तर दोहोंचा धागा मेंदूच्या रसायनांत कोठें तरी जुळत असला पाहिजे.

१९५७ मध्यें स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसननें रिसर्पीन देऊन निश्चल केलेल्या सशांस डोपा हें द्रव्य टोंचलें, आणि कान पाडून बसलेले ते ससे थोड्याच वेळांत उठून हिंडूं लागले. १९६० मध्यें व्हिएन्नाच्या एरिंगर व हॉर्निकेविच यांनीं मृत रोग्यांच्या मेंदूंत डोपामीनची मोठी तूट असल्याचें सिद्ध केलें. १९६१ मध्यें बिर्कमायरनें रोग्यांवर डोपाचा प्रयोग केला. १९६७ मध्यें न्यूयॉर्क प्रांतांतील कॉट्झियसनें तें मोठ्या मात्रेंत पोटांत देण्याची पद्धति बसविली. कार्लसनला २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अंथरुणास खिळलेलीं माणसें उठून चालूं लागलीं, तेव्हां वैद्यांस धन्यता वाटली असल्यास नवल नाहीं.

परंतु देह सुटला म्हणून मन सुटलें असें सर्वत्र झालें नाहीं. कित्येक रोगी चालूं लागले, तरी उदास ते उदासच राहिले. कित्येकांस तर नवाच अनुभव येऊं लागला: औषधाच्या एका मात्रेचा अंमल सरत आला कीं, ताठरपणा परत येण्याच्या आधीं किंवा त्याच्याबरोबरच जीव घाबराघुबरा होई, छातींत धडधड सुरू होई, आणि पुढची मात्रा लागूं पडली कीं तें सारें ओसरे. चिंता ही केवळ परिस्थितीची प्रतिक्रिया असती, तर ती घड्याळाच्या कांट्याबरोबर येती जाती ना. आपल्या दुर्दैवाचें ज्ञान रोग्यास सकाळीं दहाला असतें तितकेंच दुपारीं एकलाही असतें.

या कोड्याचा उलगडा पुढील दोन संशोधनांनीं बराचसा केला. २००० सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांताच्या एका परगण्यांतील जुन्या वैद्यकीय नोंदी तपासून १९६ कंपवाती व तितकेच निरोगी यांची तुलना करण्यांत आली. तेव्हां असें दिसलें कीं, पुढें ज्यांस कंपवात झाला त्यांच्यांत चिंतारोगाचें प्रमाण, हात कांपण्याच्या कित्येक वर्षें आधींपासूनच, अधिक होतें. २००३ मध्यें जर्मनीच्या हायको ब्राक व त्याच्या सहकाऱ्यांनीं रोगाच्या पायऱ्या मांडल्या. लेवीनें पाहिलेले गोलक प्रथम गंधाच्या केंद्रांत व मेंदूच्या देठांत दिसतात. मग देठांतील ज्या केंद्रांतून नॉरॲड्रिनलीन व सेरोटोनीन हीं द्रव्यें साऱ्या मेंदूस पोंचतात, तीं केंद्रें ग्रासलीं जातात. आणि त्यानंतर काळसर पट्ट्याची पाळी येते. प्रत्येक रोग्यांत हाच क्रम असतो असें नाहीं. तथापि मनाची स्वस्थता, झोंप, भीति यांचें नियमन करणारीं केंद्रें हाताच्या आधीं बिघडूं शकतात, हें आतां मान्य झालें आहे. गॉवर्सच्या पिढीनें जें रोगाचें कारण मानलें, तें निदान कांहीं रोग्यांत रोगाचें पहिलेंच पाऊल होतें.

आतां आपण मोजमापाच्या प्रश्नाकडे येऊं. कारण शास्त्र ज्या गोष्टी मोजतें त्यांचीच काळजी घेतें. १९६७ सालीं, म्हणजे कॉट्झियसनें आपली पद्धति बसविली त्याच वर्षीं, हॉन व यार यांनीं रोगाच्या पांच अवस्था ठरविल्या. शरीराच्या एकाच बाजूस लक्षणें असणें ही पहिली, आणि मदतीशिवाय खुर्चींतून वा अंथरुणांतून उठतां न येणें ही पांचवी. ही वर्गवारी सुटसुटीत असल्यामुळें आजही वापरांत आहे. पण तिच्यांत रोग्याच्या सुखदुःखास स्थान नाहीं. दोन रोगी एकाच अवस्थेंत असूनही एकाचें जगणें चालू असतें आणि दुसऱ्याचें थांबलेलें असतें, ही गोष्ट या मापानें दिसत नाहीं.

१९९५ मध्यें ऑक्सफर्ड येथील संशोधकांनीं वेगळा मार्ग धरला. त्यांनीं रोग्यांशींच बोलून, त्यांच्या बोलण्यांतून ३९ प्रश्नांची एक यादी तयार केली. चालणेंफिरणें व रोजचे व्यवहार यांच्या जोडीस मनाची अवस्था, चारचौघांत वाटणारी लाज, आप्तांचा आधार, स्मरण व एकाग्रता, बोलण्यांतील अडचण, आणि देहाच्या वेदना, असे एकूण आठ विभाग त्यांत आहेत. जीवनाची गुणवत्ता म्हणून ज्यास म्हणतात ती बाहेरून पाहणारानें ठरविण्याऐवजीं जगणाऱ्यास विचारूनच ठरवावी, हें तत्त्व त्यामागें आहे.

असें विचारूं लागतांच उत्तरें अनपेक्षित आलीं. २००० सालीं लंडनमधील एका पाहणींत असें आढळलें कीं, रोग्याच्या जीवनाच्या गुणवत्तेशीं सर्वांत निकट संबंध विषण्णतेचा आहे. २००२ मध्यें सहा देशांतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोगाची अवस्था व चालू औषधें या दोहोंनीं मिळून रोग्यारोग्यांतील जीवनमानाच्या फरकाचा सुमारें १७ टक्के भागच उलगडत होता. विषण्णता हा त्याहून कितीतरी प्रभावी घटक ठरला. ज्या लक्षणांवर वैद्यकानें दीडशें वर्षें आपली दृष्टि खिळविली तीं खोटीं नव्हतीं. परंतु रोग्याच्या सुखदुःखाचा मोठा भाग त्यांच्या बाहेर होता. २००८ सालीं अनेक अभ्यासांचें एकत्रीकरण करण्यांत आलें. त्यांत तीव्र विषण्णतेचा विकार सुमारें १७ टक्के, व लक्ष देण्याजोगी विषण्णता सुमारें ३५ टक्के रोग्यांत आढळली. चिंतारोगांविषयीं २०१६ मध्यें असाच आढावा घेतला गेला, तेव्हां तें प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास निघालें.

एवढी मोठी गोष्ट इतकीं वर्षें नजरेआड कशी राहिली? त्याचें एक कारण रोगाच्या स्वरूपांतच आहे. कंपवातांत चेहऱ्याचे स्नायू ताठरतात व मुद्रा मुखवट्यासारखी होते. त्यामुळें आनंदी रोगीही उदास दिसतो, आणि खरोखर उदास असलेल्याची उदासी रोगाच्या खातीं जमा होते. हालचाल मंद होणें, झोंप मोडणें, भूक व वजन कमी होणें, आवाज क्षीण होणें, हीं लक्षणें कंपवाताचीं आहेत तशींच विषण्णतेचींही आहेत. निरनिराळीं ओळखण्याचा एकच मार्ग म्हणजे रोग्यास विचारणें. आणि तेवढेंच राहून जातें. रोगीही आपण होऊन सांगत नाहीं. हाताची तक्रार करण्यांत कमीपणा नाहीं. मनाची तक्रार म्हणजे दुबळेपणा, ही समजूत आपल्याकडे आहे तशी इतर देशांतही आहे.

चिंता व विषण्णता यांनीं जगणें कसें आकसत जातें, तें आम्हीं अप्पांच्या ठायीं पाहिलें. हात कांपेल या भीतीनें हात अधिकच कांपतो, हें प्रत्येक रोग्यास ठाऊक असतें. बाजारांत सुटे पैसे मोजतांना मागें माणसें खोळंबतात, म्हणून बाजार सुटतो. पंगतींत वरणभात सांडेल, म्हणून लग्नकार्यें सुटतात. बोलणें लोकांस नीट ऐकूं येत नाहीं व ते पुन्हां पुन्हां विचारतात, म्हणून बोलणें सुटतें. हातानें जितकें हिरावलें त्याहून अधिक भीति हिरावून घेते. आणि मग उरलेल्या रिकाम्या दिवसांवर विषण्णता आपला अंमल बसविते. वैद्याकडे नेलें कीं ते बोटें आपटून दाखवीत, दहा पावलें चालून दाखवीत, औषधाची मात्रा थोडी वाढे किंवा कमी होई, व आम्ही परत येऊं. मनाविषयीं एक प्रश्नही कोणीं विचारला नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आम्हींही विचारला नाहीं.

या गोष्टीस पांच वर्षें झाल्यावर एके पहांटे आमच्या मातुश्री उठल्या, तों अप्पा अंधारांत दाराशीं बसलेले. काय झालें म्हणून विचारतां ते म्हणाले, "वहिनी, मला भीति वाटते. कशाची तें मात्र सांगतां येत नाहीं." ज्यांनीं चाळीस वर्षें मुलांच्या मनांतील भीति घालविली त्यांच्या तोंडचे हे शब्द ऐकून आमचे डोळे उघडले. वैराग्य म्हणून आम्हीं ज्यास मान दिला होता तो रोग होता. वैराग्य आलेला मनुष्य पहांटे दाराशीं थरथरत बसत नाहीं.

अशा रोग्यांसाठीं काय करतां येतें, याचाही इतिहास आहे, पण तो अगदीं अलीकडचा. २०११ मध्यें अमेरिकेंतील ८० रोग्यांवर एक प्रयोग झाला. त्यांत विचारांस व दिनक्रमास वळण लावणाऱ्या संभाषण-चिकित्सेनें विषण्णता स्पष्टपणें कमी झाली. २०१२ मध्यें ११५ रोग्यांवरील दुसऱ्या प्रयोगांत विषण्णतेवरील दोन नेहमींचीं औषधें उपयुक्त ठरलीं, व त्यांनीं हालचाल बिघडत नाहीं हेंही दिसलें. डोपाच्या मात्रांच्या वेळा नीट बसविल्यानें, अंमल सरतांना येणारी घबराट पुष्कळदां आटोक्यांत येते. नियमित व्यायाम, आणि समदुःखी माणसांची संगत, यांचाही उपयोग आहे. पुणें शहरीं अशा रोग्यांचें व त्यांच्या आप्तांचें मित्रमंडळ चालतें, तें याच जाणिवेनें. यांपैकीं कोणत्याही उपायानें कंपवात बरा होत नाहीं. मूळ रोग थांबविणारें औषध अद्याप हातीं आलेलें नाहीं. परंतु विषण्णतेवर व चिंतेवर उपाय चालतो. आणि जीवनमानाच्या पाहण्या जें सांगतात तें खरें मानलें, तर जेथें सर्वांत अधिक दुखतें तेथेंच तो चालतो.

अप्पांस आम्हीं मनोवैद्याकडे नेलें तेव्हां त्यांस फारसें आवडलें नाहीं, आणि गुणही लवकर आला नाहीं. चारपांच महिने गेले. मग एके दिवशीं त्यांनीं वर्तमानपत्र मागितलें, व त्यांतील अग्रलेखांत व्याकरणाच्या दोन चुका काढल्या. पुढें ते दोन वर्षें जगले. पंगतीस ते पुन्हां कधीं गेले नाहींत, पण कीर्तनास गेले; कांपणारा हात उपरण्याखालीं झांकण्याची संवय मात्र त्यांनीं सोडली. हात पूर्वींइतकाच कांपत होता. आधींचीं पांच वर्षें मात्र कोणासही परत देतां आलीं नाहींत, आणि त्यांचा हिशेब आमच्याकडेच राहिला आहे.

पार्किन्सन २१ डिसेंबर १८२४ रोजीं निवर्तला. आपला निबंध अपुरा आहे याची त्यास जाणीव होती. इतरांनीं अधिक शोध करावा यासाठींच आपण तो लिहीत आहों, असा त्याचा भाव होता. तेव्हां त्याच्या वाक्याची मर्यादा दाखविणें हा त्याचा अनादर नव्हे. कंपवाताच्या रोग्याची बुद्धि पुष्कळ काळ शाबूत असते हें खरेंच आहे, आणि म्हणूनच आपलें आयुष्य कसें लहान होत चाललें आहे हें त्यास पुरतें कळत असतें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा कोणी वडील मनुष्य असेल, त्यांनीं त्याचा हात आज किती कांपतो हें पाहून झाल्यावर, झोंप लागते कीं नाहीं, कशाची धास्ती वाटते काय, आणि कशांत मन रमतें, एवढे तीन प्रश्न त्यास अवश्य विचारावे. उत्तर पहिल्या दिवशीं मिळेलच असें नाहीं. पण विचारण्यास जितका उशीर होतो, तितका काळ त्याच्याच आयुष्यांतून वजा होतो.